आधी वहीत लिही, मग फोन कर

जतच्या एका मुलीचा प्रश्न आला आहे. फायनल एमबीबीएस पास झाली, पुढच्या महिन्यात इंटर्नशिप सुरू होईल. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "सर, सिनिअर सांगतात की इंटर्न म्हणजे सॅम्पल वाहणारा हमाल, वर्षभरात शिकायला काही मिळत नाही. पोस्टिंग मॅनेज कर, म्हणजे ड्युटी चुकव, लायब्ररीत बस आणि नीट-पीजी, म्हणजे पीजीची प्रवेश परीक्षा, काढ. घरचेही तेच म्हणतात. पण मला रात्री एकटीनं वॉर्ड सांभाळायची भीती वाटते, आणि ती भीती लायब्ररीत बसून जाणार नाही हेही कळतंय. काय करू? आणि पहिलीच पोस्टिंग कॅज्युअल्टीची, म्हणजे तातडीच्या विभागाची, लागली तर बदलून घेऊ का?"

तुला 'तू' म्हणतोय, माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे. गेली तीस वर्षं मी सांगली-मिरज भागात मेडिसिन शिकवतो आणि दरवर्षी इंटर्नची नवी तुकडी वॉर्डात येताना बघतो. माझं उत्तर आधीच सांगतो: पोस्टिंग मॅनेज करू नकोस. या वर्षात तुला एक गोष्ट मिळते जी आधी मिळाली नव्हती आणि पुढेही मिळणार नाही. निर्णय तू घ्यायचा, आणि तो चुकला तर पकडायला मागे कुणीतरी उभं असतं. एमबीबीएसला तू फक्त बघत होतीस. उद्या एखाद्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, एमओ (वैद्यकीय अधिकारी) म्हणून बसलीस की मागे कुणी नसेल. या दोन्हींच्या मधले बावन्न आठवडे म्हणजे इंटर्नशिप.

त्या बावन्न आठवड्यांची वाटणी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी ठरवून दिली आहे. कम्युनिटी मेडिसिन बारा, गायनॅक सात, मेडिसिन आणि सर्जरी प्रत्येकी सहा, बालरोग तीन. मानसोपचार, भूल, अस्थिरोग, कान-नाक-घसा, डोळे आणि कॅज्युअल्टी प्रत्येकी दोन. फॉरेन्सिक एक, त्वचारोग एक, आणि चार आठवडे ऐच्छिक. यात कॅज्युअल्टीचे फक्त दोन आठवडे आहेत हे लक्षात ठेव, शेवटी त्यावर बोलतो.

ज्याला हमाली म्हणतात त्या कलेक्शनपासूनच, म्हणजे सॅम्पल गोळा करण्यापासूनच, सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. सकाळी सहाला तू वीस-तीस पेशंटांचं रक्त काढशील. जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये, म्हणजे रक्त भरायच्या नळीत, रक्त गोठू नये म्हणून जे असतं ते पोटॅशियमचं मीठ. त्यात रक्त जास्त पडलं म्हणून थोडं साध्या बल्बमध्ये ओतलं, की रिपोर्टात पोटॅशियम सात आणि कॅल्शियम तळाला गेलेलं दिसतं. मग नसलेल्या आजारावर उपचार सुरू होतात. निळ्या झाकणाचा बल्ब खुणेपर्यंत भरला नाही तर त्यातलं रक्त न गोठू देणारं सायट्रेट जास्त होतं आणि रक्त गोठायला लागणारा वेळ खोटाच वाढलेला येतो. ज्या हातात डेक्स्ट्रोजची सलाईन चालू आहे त्याच हातातून रक्त घेतलंस तर साखर पाचशे येईल. बारीक सुईनं जोरात ओढलंस तर रक्तपेशी फुटतात आणि पोटॅशियम पुन्हा चढतं. म्हणजे त्या दिवशी राऊंडला प्रोफेसर जे आकडे बघून उपचार ठरवणार आहेत, ते आकडे सकाळी सहाला तुझ्या हातानं तयार झालेले असतात.

आणि लेबल. बल्बवर नाव पेशंटच्या खाटेशी उभं राहूनच लिहायचं, टेबलावर जाऊन नाही. आपल्याकडे एका वॉर्डात तीन पाटील आणि दोन शांताबाई असणं ही रोजची गोष्ट. "तुमचं नाव शांताबाई का?" असं विचारलंस तर कमी ऐकू येणारी म्हातारी मान डोलावते. "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचार. क्रॉसमॅचच्या, म्हणजे पेशंटचं आणि दात्याचं रक्त जुळवून बघण्याच्या, बल्बवर चुकीचं नाव गेलं तर ब्लड बँकेत कितीही काटेकोर काम झालं तरी चुकीच्या माणसाला चुकीचा रक्तगट चढू शकतो. रक्त चढवण्यातल्या जीवघेण्या चुकांचं मूळ बऱ्याचदा प्रयोगशाळेत नसतं, खाटेजवळ असतं.

आता तुझ्या भीतीबद्दल. ती कमी करायचा एकच मार्ग मला सापडला, आणि तो माझ्या स्वतःच्या चुकीतून. ते सविस्तर सांगतो.

मी स्वतः इंटर्न होतो तेव्हाची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती, गळीत हंगाम सुरू झाला होता आणि बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या फडावर उतरल्या होत्या. पहाटे साडेचारच्या सुमाराला ट्रॅक्टरमधून एका बाईला आणलं. तिशीची असेल. कोपीत जमिनीवर झोपली होती, पहाटे पोटात कळ येऊन उठली, एकदा उलटी झाली. नवरा म्हणाला, "रात्री शिळं खाल्लं हुतं." मी पोट दाबून बघितलं, मऊ होतं. अॅसिडिटीचं इंजेक्शन दिलं, केस पेपरवर 'गॅस्ट्रायटिस' लिहिलं आणि रेसिडेंट सरांना फोन केला: "सर, गॅस्ट्रायटिसची पेशंट आहे, इंजेक्शन दिलंय, सकाळपर्यंत ठेवू का?" त्यांनी हो म्हटलं. मी चहा प्यायला गेलो.

अर्ध्या तासानं वॉर्डातल्या मावशी मला शोधत आल्या. "डॉक्टर, ती बाई डोळं झाकून पडलीया, पर झोपली न्हाई. बोलाय लागलीया, पर डोळं उघडंना." मी धावत गेलो. तिच्या दोन्ही पापण्या खाली उतरल्या होत्या. माझ्याकडे बघायला ती हनुवटी वर करून डोकं मागे टाकत होती. मान उचलायला सांगितली, उचलेना. एका श्वासात आकडे मोजायला सांगितले, सातच्या पुढे जाईना. अंगावर दंशाची खूण कुठेच नव्हती, सूज नव्हती, दुखत काही नव्हतं. मण्यार.

मण्यार अशीच चावते. रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला, इतकं हलकं की कित्येकांना जागही येत नाही. पहाटे पोटदुखी, मग पापण्या, मग घसा, मग श्वास. पुढे सगळे धावले. सर्पदंशावरचं प्रतिविष लावलं, श्वासनलिकेत नळी घातली, आणि व्हेंटिलेटर मोकळा नव्हता म्हणून आम्ही इंटर्ननी आणि तिच्या दिरानं पाळीपाळीनं अंबू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. ती बाई वाचली, चालत घरी गेली. मावशींनी अर्धा तास उशीर केला असता तर वाचली नसती.

त्या रात्रीचा मी खूप विचार केला. मण्यारीबद्दल मला माहीत नव्हतं असं नाही, परीक्षेत तो प्रश्न मी लिहून आलो होतो. चूक फोनवर झाली. मी सरांना जे बघितलं ते सांगितलंच नाही, निदान सांगितलं. "ऊसतोडीची बाई, जमिनीवर झोपलेली, पहाटे अचानक पोटात कळ, पोट मऊ" एवढं जरी बोललो असतो तरी पलीकडून त्यांनी लगेच विचारलं असतं, पापण्या बघितल्यास का? मी आधीच 'गॅस्ट्रायटिस' म्हणून त्यांचा विचार बंद करून टाकला. आणि माझाही.

तेव्हापासून मी एक वही ठेवायला लागलो आणि आज प्रत्येक इंटर्नला ती ठेवायला लावतो. एप्रनच्या खिशात मावेल एवढी. प्रत्येक नव्या पेशंटला, सिनिअरला फोन करण्याआधी, पानाच्या डावीकडे चार ओळी लिहायच्या. वेळ आणि मी काय बघितलं. मला काय वाटतं. दुसरं काय असू शकतं, ज्यानं हा पेशंट सकाळपर्यंत दगावेल. मी आत्ता काय करीन. उजवी बाजू कोरी ठेवायची. सिनिअर येऊन काय म्हणाले, रिपोर्ट काय आला, पेशंटचं पुढे काय झालं, हे तिथे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरायचं. पेशंटचं नाव लिहायचं नाही, खाट आणि तारीख पुरे.

यात दोन गोष्टी घडतात. एक, लिहून ठेवल्यामुळे नंतर "मला तर आधीच वाटलं होतं" असं मनाला फसवता येत नाही. दुसरी, उजवी बाजू भरण्यासाठी तुला पेशंटकडे परत जावंच लागतं, पोस्टिंग बदलली तरी. सगळ्यात मोठं शिक्षण या परत जाण्यात आहे. बहुतेक इंटर्न पेशंटचा फक्त एक तुकडा बघतात. रात्री दाखल केला आणि ड्युटी संपली. तो वाचला का, निदान तेच निघालं का, हे त्यांना कधीच कळत नाही. मग वर्षभरात शंभर पेशंट बघूनही अंदाज सुधारत नाही, कारण तो बरोबर होता की चूक हे कुणी सांगितलेलंच नसतं. मिरजेत सतारीची जवारी काढणारे, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून स्वर जुळवणारे, कारागीर कानस एकदा फिरवली की तार छेडून ऐकतात, मग पुन्हा फिरवतात. न ऐकता नुसती कानस चालवत राहिलं तर घोडी झिजेल, स्वर लागणार नाही.

आता फोन कसा करायचा. मी इंटर्नला हे अक्षरशः तोंडपाठ करायला लावतो: "सर, मी फिमेल मेडिसिनमधून इंटर्न बोलतेय. खाट चौदा, पंचावन्न वर्षांच्या बाई, काल न्यूमोनियासाठी दाखल. गेल्या अर्ध्या तासात श्वास बावीसवरून चौतीस झालाय, ऑक्सिजन चालू असून सॅच्युरेशन शहाऐंशी, बीपी नव्वद-साठ, थोड्या बरळतायत. मला सेप्सिस वाढल्यासारखा वाटतोय. तुम्ही आत्ता यायला हवं. तोवर काय सुरू करू?" बघितलेलं आधी, आकडे नंतर, मत त्यानंतर, आणि मागणी स्पष्ट. 'पेशंट जरा सिक वाटतोय सर' असं म्हणू नकोस, त्यावर झोपेतल्या माणसाला काही ठरवता येत नाही. आणि फोन करायला लाजू नकोस. उगाच केलेल्या दहा फोनांबद्दल रागावणी खाशील, ती खा. न केलेल्या एका फोनची भरपाई होत नाही.

श्वासाचा आकडा मुद्दाम घेतला. केस पेपर चाळलेस तर जवळजवळ प्रत्येकाचा श्वास वीस नाहीतर बावीस लिहिलेला दिसेल, कारण तो कुणी मोजत नाही. पूर्ण एक मिनिट घड्याळ धरून मोज. पेशंट बिघडायला लागला की बीपी पडायच्या आधी श्वास वाढतो. तुझ्याकडे त्या वॉर्डात सगळ्यात जास्त वेळ आहे, प्रोफेसरांकडे खाटेमागे तीन मिनिटं असतात. तू मोजलंस तरच ते कळणार.

भाषेचं म्हणशील तर तू कर्नाटकच्या सीमेवरच्या जतची आहेस हे तुझं भाग्य. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून सीमेपलीकडून लोक इथे उपचाराला येतात, १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज झालं तेव्हा ती रीघ वाढली. अथणी, चिकोडी, विजापूरकडची माणसं कन्नडच बोलतात. तुला कन्नड येत असेल. पुण्या-नागपूरहून आलेल्या तुझ्या मित्रांना निदान 'नोवु एल्ली', म्हणजे दुखतंय कुठे, आणि 'एष्टु दिन', म्हणजे किती दिवस, एवढं तरी शिकव. नातेवाइकाकडून भाषांतर करून घेतलं की सासू सुनेच्या अंगावरून जाण्याबद्दल गप्प बसते, मुलगा बापाच्या दारूबद्दल गप्प बसतो.

मराठीतही तेच. "गोळ्या रेग्युलर घेता का?" याला सगळे हो म्हणतात. "आज सकाळी कुठली गोळी घेतली? काल रात्री?" याला खरं उत्तर येतं. "चक्कर" म्हणजे कुणाला गरगरणं, कुणाला डोळ्यापुढे अंधारी, कुणाला नुसता अशक्तपणा. "कसंतरीच हुतंय" हे हार्ट अटॅकचंही वर्णन असू शकतं, विशेषतः शुगर असलेल्या बाईत. आणि आपल्या भागात एक शब्द कायम सावध राहून ऐक: "औषध घेतलंय." पेशंटची बायको तापाच्या गोळीबद्दल बोलत नसते. ऊस-द्राक्षाच्या पट्ट्यात 'औषध' म्हणजे फवारणीचं औषध, म्हणजे विष.

तो पेशंट आला की तुझी खरी परीक्षा. तोंडातून फेस, घाम, लसणासारखा उग्र वास, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत खरखर. नातेवाइकाला लगेच घरी पिटाळायचं, बाटली किंवा डबा घेऊन ये म्हणून, कारण सगळीच औषधं एका जातीची नसतात. कपडे काढून अंग साबणाच्या पाण्यानं धुवायचं, हातमोजे घालून. मग अॅट्रोपिन, या विषावरचा उतारा. सिनिअर डोस ठरवतील, पण दर पाच मिनिटांनी बघायचं कुणी? तू. छाती मोकळी झाली का, नाडी ऐंशीच्या वर आली का, बीपी ऐंशीच्या वर आहे का, काखेतला घाम सुकला का, बाहुल्या मोठ्या झाल्या का. झाल्या नसतील तर डोस दुप्पट. आणि सगळं साधल्यावरही तिथून उठायचं नाही, कारण आता उलटी भीती: ताप चढतो, पेशंट बडबडतो, पोटातले आवाज बंद होतात, म्हणजे अॅट्रोपिन जास्त झालं. या रात्रीचा तक्ता तू स्वतः भरलास की औषधाचा परिणाम शरीरावर चढताना-उतरताना डोळ्यांनी दिसतो. पुस्तकातली एक ओळ तिथे आठ तास चालते.

तो शुद्धीवर आला की अजून एक काम उरतं, आणि ते फार कमी इंटर्न करतात. खुर्ची ओढून बसायचं आणि विचारायचं, काय झालं होतं. "पुन्हा असं करू नका" असं दटावायचं नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा असं धरून चालतो की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, त्याला शिक्षा नाही, उपचार आणि आधार द्यायचा. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करावी लागते ती कर, पण त्याला गुन्हेगारासारखं वागवू नको. मानसोपचाराचा रेफरन्स घरी सोडण्याआधी झाला की नाही हे वहीच्या उजव्या बाजूला लिही.

लेबर रूमबद्दल एवढंच सांगतो: सात आठवड्यांत निदान पाच बायकांजवळ कळा सुरू झाल्यापासून वार पडेपर्यंत सलग बस. नुसतं बाळ हातात घ्यायला ऐनवेळी जाऊ नकोस. बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात ऑक्सिटोसिनची दहा युनिटं स्नायूत गेली का, गर्भाशय दगडासारखं घट्ट लागतंय का, खालच्या चादरीत किती रक्त मुरलंय, हे बघायची सवय बाळाच्या रडण्याकडे सगळ्यांचं लक्ष असतानाच लागते. त्या बाईचा हात धरायलाही कुणीतरी लागतं.

कम्युनिटी मेडिसिनचे बारा आठवडे सगळे अभ्यासाची सुटी समजतात. ऑगस्ट २०१९ चा महापूर आला तेव्हा सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी पंचेचाळीस असताना. त्या शिबिरांत मी इंटर्नना घेऊन फिरलो. आम्ही हगवण आणि लेप्टो, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, यांची तयारी करून गेलो होतो, डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या बरोबर होत्या, आणि त्या लागल्याही. पण पहिल्या दोन दिवसांत रांग लागली ती वेगळ्याच लोकांची. बीपीच्या गोळ्या घरात राहिलेल्या. इन्शुलिन फ्रिजमध्ये, फ्रिज पाण्यात. टीबीची औषधं बुडालेली. फिटची गोळी चुकलेली मुलगी. आणि विचारलं, कुठली गोळी, तर "पांढरी, बारकी, सकाळची." त्या वेळी एका इंटर्ननं एक साधी गोष्ट केली: नेहमीच्या पंधरा-वीस गोळ्यांची रिकामी पाकिटं मेडिकल दुकानातून गोळा करून पुठ्ठ्यावर चिकटवली. लोक बोट ठेवून सांगायला लागले. कोणत्याही तालुक्याच्या पीएचसीत गेलीस तर पहिल्या आठवड्यात असा पुठ्ठा बनव. आणि गावात घरी जाऊन बघ की पेशंट डिस्चार्ज कार्ड कुठे ठेवतो, त्यावरचं काय वाचू शकतो. त्यानंतर तुझं डिस्चार्ज कार्ड वेगळं होईल. 'टॅब अमुक ओडी' याऐवजी 'सकाळी जेवणानंतर एक' असं मराठीत लिहिशील.

आता नीट-पीजी. परीक्षा महत्त्वाची नाही असं मी म्हणणार नाही, तुझ्या घरच्यांनी किती ओढाताण करून शिकवलंय याची मला कल्पना आहे. पण दोनशे प्रश्नांपैकी कित्येक आता रोगाचं नाव विचारत नाहीत, समोर पेशंट उभा करून 'आता पुढची पायरी काय' असं विचारतात. ते उत्तर ज्यानं रात्री पायरी चढलेली असते त्याला लवकर सुचतं. मी इंटर्नना सांगतो: रोज दीड-दोन तास, ड्युटी असो नसो, आणि त्यातला पहिला अर्धा तास त्या दिवशी वहीत लिहिलेल्या पेशंटावर. बाकीचा वेळ प्रश्नसंचावर. हलक्या पोस्टिंग असतात तेव्हा वेळ वाढव. पंधरा दिवसांची रजा मिळते ती परीक्षेच्या तोंडावर राखून ठेव, लग्नकार्यात उडवू नको. वर्ष कमी पडलं तर इंटर्नशिपनंतर सहा महिने घे. वर्षभर पोस्टिंग चुकवून पीजीला गेलेली मुलं मी पाहिली आहेत. पहिल्या वर्षी त्यांना त्याच गोष्टी शिकाव्या लागतात, फरक इतकाच की आता चूक त्यांच्या सहीनं होते.

काही गोष्टी झटपट सांगतो. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस झाले असतील तर अँटिबॉडी तपासून घे, दहाच्या वर हव्यात. सुई टोचली तर पिळत बसू नकोस, साबण-पाण्यानं धू, लगेच कळव. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, बहात्तर तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स अठ्ठावीस दिवसांचा. "कुणाला कळलं तर" म्हणून लपवणारे इंटर्न मी पाहिलेत, तसं करू नकोस. सुईला टोपण परत लावू नकोस, टोचणं बऱ्याचदा तिथेच होतं. तुझी नोंदणी तात्पुरती आहे, म्हणून एमएलसी, मृत्यूचा दाखला यावर एकटीनं सही करायची नाही आणि कुठल्याही खासगी हॉस्पिटलात रात्रीची ड्युटी धरायची नाही, पैसे कितीही देवोत. सिस्टर इन्चार्जना पहिल्या दिवशी जाऊन भेट, नाव सांग. त्या तुझ्यापेक्षा जास्त मृत्यू टाळून बसल्या आहेत. आणि कोलकात्यात २०२४ साली ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर हॉस्पिटलातच बलात्कार आणि तिचा खून झाला, त्यानंतर हे सांगणं माझं कर्तव्य आहे: रात्री सॅम्पल घेऊन अंधाऱ्या पॅसेजमधून एकटीनं जायचं नाही. बरोबर वॉर्डबॉय मामा किंवा दुसरा इंटर्न माग, सिक्युरिटीचा नंबर फोनमध्ये वर ठेव, ड्युटी रूमला आतून कडी नसेल तर लेखी कळव. ही मागणी करताना आपण काम टाळतोय असं मनात आणू नकोस.

राहिली कॅज्युअल्टी. पहिली लागली तर बदलून घेऊ नकोस, पण तयारी न करता जाऊ नकोस. अजून महिना आहे. भुलेच्या डॉक्टरांना विनंती करून चार सकाळी ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहा आणि फक्त एक गोष्ट शीक: मास्क तोंडावर नीट बसवून अंबू बॅगनं छाती वर आणणं. नळी घालता आली नाही तरी चालेल, ते काम सिनिअर येऊन करतील; ते येईपर्यंत पेशंट या बॅगवर जगतो. जबडा मास्ककडे ओढायचा, मास्क जबड्यावर दाबायचा नाही. एका हातानं हवा गळत असेल तर दोन्ही हातांनी धर आणि बॅग दुसऱ्याला दाबायला सांग. मग एक संध्याकाळ कॅज्युअल्टीत जाऊन इमर्जन्सी ट्रॉलीचा प्रत्येक कप्पा उघडून बघ, कुठे काय आहे ते वहीच्या पहिल्या पानावर काढ. अॅड्रेनॅलिन कुठे आहे ते डोळे मिटून सांगता आलं पाहिजे, कारण सर्पदंशावरचं प्रतिविष लावताना अंगावर गांधी उठल्या आणि बीपी पडलं तर मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर मांडीच्या स्नायूत लगेच द्यावं लागतं, आणि तेव्हा शोधायला वेळ नसतो. आणि रोज ड्युटीवर आल्याआल्या, एप्रन घालायच्याही आधी, लॅरिंगोस्कोपचं, म्हणजे घशात बघून नळी घालायच्या उपकरणाचं, पातं उघडून दिवा लागतो का ते बघ. लागत नसेल तर सेल तेव्हाच बदलून घे.